खूण नसलेली जागा
तीन दिवसांचं बाळ गेलं, तेव्हा अमोल त्याला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेला. एवढ्या लहानग्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. आणि आईने सोबत जायचं नसतं. संचिता मीरा रोडच्या दोन खोल्यांत अडकून पडली. सासूबाई दाराशीच बसून असत.

बाराव्या दिवशी शेजारच्या फिलोमिना आंटी फुलं घेऊन आपल्या मुलीच्या कबरीवर निघाल्या.

"मलाही माझ्या बाळाकडे जायचंय," संचिता म्हणाली.

"आपल्यात पुन्हा जात नाहीत गं," सासूबाई म्हणाल्या.

तिने अमोलकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मलाच जागा सापडायची नाही. खूण करू दिली नाही कुणी."

आंटींनी ओंजळभर शेवंती तिच्या हातात ठेवली. ती घेऊन संचिता उंबऱ्यातच उभी राहिली.