दुखणं किती? आठ!

मी एक जुनी वही आहे असं म्हणायला जीभ कचरते, कारण माझं वय जेमतेम सात महिने. पण मित्रांनो, तेवढ्यात माझे कोपरे दुमडले, पाठीवर आमटीचा डाग पडला आणि डोक्यात जो गोंधळ माजला तो अजून निवळलेला नाही.

जन्म छापखान्यातला, मुक्काम नाहूरच्या उत्तराकाकूंच्या फ्रिजवर. काकूंना आमवात. अंगातल्या राखणदारांनी घरच्यांनाच चोर समजून बडवावं, असा हा आजार. बोटं सुजायची, मनगटं आखडायची. एके काळी सोसायटीच्या फळ्यावरचा सुविचार काकूंच्या मोत्यासारख्या अक्षरात असे. मग खडूच धरवेना आणि फळ्यावर पाणी बंद असल्याच्या छापील सूचना लटकू लागल्या.

एका इस्पितळात नव्या उपचाराची चाचणी चालू होती. मी तेव्हा तिथल्या डॉक्टर श्वेता यांच्या टेबलावर होते. त्यांनी समजावलं, "काकू, निरुपद्रवी केलेला विषाणू मनगटात सोडायचा. तो तिथल्या पेशींना एक जनुक देतो, म्हणजे औषध बनवायची कृतीच. मग सांधा स्वतःचं औषध स्वतः बनवेल, अशी आशा आहे. पण काही जणांना नुसतं मिठाचं पाणी मिळेल. कोणाला काय, ते मलाही माहीत नाही."

"झकास! म्हणजे डॉक्टरलाच पत्ता नाही!" काकूंचे यजमान नंदकिशोरकाका म्हणाले. मला तर काहीच कळलं नाही. विषाणू वाईट असतो ना?

काकूंनी चार दिवस विचार करून वाकडीतिकडी सही केली. श्वेताताईंनी उजव्या मनगटात सुई टोचली आणि मला काकूंच्या हाती दिलं. माझं काम एकच. रोज सकाळी 'दुखणं किती?' यापुढे शून्य ते दहामधला आकडा आणि दोन ओळी सांभाळायच्या. सहा महिन्यांनी त्यावरूनच डाव्या मनगटालाही सुई द्यायची की नाही, हे ठरणार होतं. डाव्या हाताला तर कपही पेलत नव्हता.

पहिल्या दिवशी काकूंनी लिहिलं, आठ. अक्षर मुंग्या पळाव्यात तसं. दुसऱ्या महिन्यातही आठ. चौथ्या महिन्यात त्यांनी लोणच्याची बरणी पोटाशी धरून उजव्या हाताने स्वतः उघडली. मी फ्रिजवरून पाहिलं! त्यांनी इकडेतिकडे बघितलं, झाकण गुपचूप लावलं आणि लिहिलं, आठ. मी चक्रावले. अक्षर पाहावं तर गोल, गरगरीत. आकडा मात्र ढिम्म हलेना. मलाच आकडे कळत नाहीत की काय, या विचाराने रडू यायचं. पण वहीने रडून कसं चालेल? शाई पसरते.

सहा महिने भरले. श्वेताताईंनी मला चाळलं आणि त्यांचा चेहरा पडला. "फरकच नाही, काकू. मग दुसरं इंजेक्शन कशाला द्यायचं?" मला मिटता मिटता त्या थबकल्या. पहिलं पान आणि शेवटचं पान त्यांनी शेजारी शेजारी धरलं. "हे दोन्ही तुम्हीच लिहिलंत?"

काकूंनी मान डोलावली.

"आणि बरणी कोण उघडतं गं हल्ली?" काका म्हणाले. "मी तर नाही!"

काकूंचे डोळे भरले. "मागे नव्या गोळ्यांनी बरं वाटलं, तर हळदीकुंकवाला सगळ्यांना सांगत सुटले. चौथ्या दिवशी अंथरुणातून उठवेना. बरं वाटतंय म्हटलं की दृष्ट लागते. लिहिलं असतं, तर हेही गेलं असतं."

श्वेताताई हसल्या नाहीत. "जुने आकडे मी बदलणार नाही. घडलं ते वर कळवते. डाव्या हाताचं काय होईल, सांगता येत नाही. पण काकू, तुमच्यामागून येणाऱ्यांचे उपचार याच वहीवर ठरतील. उद्यापासून खरं लिहाल ना?"

अजून वरून निरोप नाही. सुईत औषध होतं की मिठाचं पाणी, तेही मला ठाऊक नाही. मित्रांनो, एवढंच सांगते. वहीला खोटं सांगू नका. ती बिचारी ते खरं समजून जपते.

त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचं पेन बराच वेळ हवेतच राहिलं. मग त्यांनी लिहिलं, उजवा तीन, डावा नऊ. उठल्या, कपाटातून काजळाची डबी आणली आणि त्या तीनच्या शेजारी एक बारीकशी तीट लावली.