दोन बोटांचं पेर

...भांगेच्या नर रोपावर मुगाच्या दाण्याएवढी कळी, अजून मिटलेली. मार्लाने तिला नख लागू दिलं नाही. उद्या ती उमलेल, पिवळी धूळ सुटेल, आणि उताराखालच्या मळ्यातली शेजारच्या लॉर्नाबाईंची सगळी मादी झाडं बी धरतील — बी धरलेली फुलं कोण घेतं? म्हणजे हा नर आजच कापायचा. नाहीतर आजच कागदी पिशवी बांधून पराग धरायचे. डॅड गेल्या हिवाळ्यात गेला. त्याच्या बुटक्या भांगेच्या बरणीतलं जुनं बी पेरलं, त्यातून दोनच रोपं आली, एक मादी आणि हा; याचे पराग तिला लावले तरच डॅडचं वाण पुढे चालेल.

"कापलंस का गं?" ग्रीनहाऊसबाहेरून नवरा ओरडला.

"कापते रे, डेल."

"सकाळपासून तेच ऐकतोय! आता परवाना आहे आपल्याकडे, लपायचंय कुणापासून? ही बुटकी मंडळी फुकट जागा अडवतायत नुसती."

पाठीवर बांधलेली तान्ही टेस झोपेतच हुंकारली. मार्लाने पानांच्या दोन जोड्यांमधल्या पेरावर बोटं धरली... दोन, बरोबर दोन. डॅड असंच मोजायचा. तिसरं बोट मावलं की रोप उपटून टाकायचा, वर्षानुवर्षं, हसत हसत — आणि ऑगस्टमध्ये हम्बोल्टच्या डोंगरावर पोलिसांची हेलिकॉप्टरं घिरट्या घालायची तेव्हा लाल खोडांच्या मॅन्झनिटा झुडपांखाली ही झाडं दडलेली, आणि मी सात वर्षांची, त्यांच्यातच उकिडवी, आणि त्याच्या शर्टाचा तो गोड, चिकट, राळेचा वास...

"हलू नकोस, चिमणे. बुटक्यांना वरून कोण बघतंय!" तो कुजबुजायचा.

मी खुदकन हसायचे. किती सुखाचं वाटायचं ते! शाळेत मात्र बाईंनी विचारलं, वडील काय करतात, की मी बाकाखाली पेन्सिल शोधायला लागायचे.

परवाना आल्यावर डेलने उंच वाण लावलं. मागच्या सप्टेंबरात डॅड त्या झाडांत उभा होता, भर उन्हात, टोपी हातात घेऊन. "केवढी वाढलीयत गं," तो पुटपुटला, "मला तर इथे उघड्यावर असल्यासारखं वाटतंय." आणि तो हळूच कडेच्या सावलीत गेला.

तेव्हा तिला त्याची कीव आली होती, फक्त कीव. आज, कळीसमोर गुडघे टेकून, हातात पिशवी असताना, तिला त्याचा राग आला, लपायलाच शिकवलं म्हणून — लख्ख, ताजा, समोरच्या माणसाचा यावा तसा. गेल्या हिवाळ्यानंतर डॅड पहिल्यांदाच इतका जवळ आला होता.

"मार्ला?"

"थांब," ती म्हणाली. "अजून बोलतेय मी त्याच्याशी."