कडकबाईची इस्त्री

कपड्याला कडक घडी आणि बोलण्याला धार, म्हणून गल्लीने तिचं नाव कडकबाई ठेवलं होतं. नवऱ्यामागे तिने इस्त्रीचं दुकान एकटीने चालवलं, मुलाला शिकवलं आणि कुणापुढे हात पसरला नाही. पण मागच्या थंडीत ती इस्त्री चालू ठेवून घरी गेली. शेजारच्या बेकरीवाल्याला जळका वास आला म्हणून नुकसान टेबलावरच निभावलं.

मुलगा भडकला. "आई, पुन्हा असं झालं तर दुकानाला कायमचं टाळं. मी काही ऐकणार नाही."

दुकान गेलं तर सकाळी उठायचं कशासाठी, हेच तिला कळेना. पण ती रडत बसली नाही. विचार करून तिने चूक नेमकी पकडली. इतकी वर्षं बटण हातच बंद करायचा, मन तोवर घरी भाजी चिरत बसलेलं असायचं. आता हाताला एकट्याने काही करू द्यायचं नाही, असं तिने पक्कं केलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती पिशवीला हात न लावता इस्त्रीसमोर उभी राही. प्लग काढी, वायर गुंडाळी, इस्त्री उभी करी आणि मोठ्याने म्हणे, "तुझं झालं. आता निव." मग स्टुलावर बसे. इस्त्रीला तळवा टेकवता येईपर्यंत उठायचं नाही.

"अंगाईपण म्हण की!" बेकरीवाला ओरडे.

"तुझी भट्टी निजवायला येईन तेव्हा म्हणेन."

गंमत म्हणजे त्या बसण्यात तिला बरं वाटू लागलं. दिवसभराची दगदगही इस्त्रीबरोबर निवायची. मुलाला मात्र ते सगळं खूळ वाटे.

एका संध्याकाळी ती हे उरकून दुकानामागच्या नळावर तोंड धुवायला गेली, तोच मुलगा धापा टाकत आला. कळा सुरू झाल्या म्हणून सुनेला दवाखान्यात ठेवून तो आईला आणि दुकानात वाळत घातलेली बाळाची दुपटी न्यायला आला होता. आई हातपाय धुऊन, केस सारखे करून पुढे रस्त्यावर येते तो त्याचा फोन वाजला.

"आई, आत नेलं तिला! चल!" त्याने शटर अर्धं ओढलंसुद्धा.

"थांब. इस्त्री बघून येते."

"मघाशी बघितलीस ना? तिकडे नातवंड येतंय आणि तुला इस्त्री सुचतेय!"

"मघाशी बघितली ती मघाशी. मी निघतेय आत्ता." ती वाकून शटरखालून आत शिरली.

इस्त्री टेबलावर आडवी होती, प्लग खोचलेला, खालची चादर तांबूस झालेली. दुपटी दमट राहिली होती, ती ती नळावर असताना मुलाने घाईघाईत इस्त्री फिरवून सुकवली होती.

जिभेवर बरंच काही आलं. इतके महिने तिने ऐकून घेतलं होतं. पण मागोमाग आलेल्या मुलाचा पडलेला चेहरा बघून तिने सगळं गिळलं. प्लग काढला, इस्त्री फरशीवर उभी केली आणि वायर त्याच्या हातात दिली.

"गुंडाळ. आणि म्हण."

"आई, मी..."

"म्हण."

"तुझं झालं." त्याने वायर गुंडाळली. "आता निव."

बाहेर येऊन त्याने कुलूप लावलं, ओढून बघितलं. मग किल्ली आईच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटली.

"उद्या कधी उघडशील?"

"नातवंड बघून आले की," कडकबाई म्हणाली. "आता पळ!"