बारशाच्या आदल्या दिवशी

नंदन उकिडवे दोन्ही हातांत कॉफीचे कप घेऊन चौकात थबकला, कारण बाकावर बसलेली त्याची बायको एका अनोळखी म्हातारीचा हात धरून रडत होती.

रडत होती आणि मधूनच हसतही होती. म्हातारी मान डोलवत होती. उझेस गावातला तो चौक, मधलं कारंजं, झाडांना नुकती फुटलेली पालवी, सगळं कसं सुट्टीला शोभेल असं होतं. आणि उमा भडाभडा बोलत होती. घरी दिवसाकाठी वीस वाक्यं बोलणारी बाई ती.

दोघंही त्याच वर्षी निवृत्त झाले होते. पॅरिस नको, टूर नको, घाई तर मुळीच नको, असं उमानं आधीच बजावलं होतं. दक्षिण फ्रान्समधली तीन छोटी गावं, प्रत्येक ठिकाणी पाच दिवस, एप्रिलचं कोवळं ऊन आणि काहीही न करणं. नंदनसारख्या माणसाला काहीही न करणं म्हणजे शिक्षाच. पण पहिल्या गावात, पेझेनासला, दोन दिवस चुळबुळ करून झाल्यावर त्यालाही ते जमायला लागलं.

न जमणारी गोष्ट वेगळीच होती. तेहतीस वर्षं कॅनडात, फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेकमधल्या लव्हालला काढूनही नंदनला फ्रेंच येत नव्हतं. विमानाच्या इंजिनांच्या कंपनीत इंग्रजीवर भागलं, आणि शेजाऱ्यांशी 'बोंजूर'च्या पुढे जायची वेळ त्यानं कधी येऊ दिली नाही. उमाचं फ्रेंच मात्र अस्खलित होतं. ती सव्वीस वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालत होती, भरवत होती, कुशीवर वळवत होती. मराठी मंडळात नंदन सांगायचा, "उमा हेल्थकेअरमध्ये आहे," आणि घाईघाईनं विषय बदलायचा. इथं सगळं उलटं झालं. उमा बोलायची आणि हा पिशव्या धरून शेजारी उभा राहायचा. तिचं फ्रेंच क्यूबेकच्या म्हाताऱ्यांकडून उचललेलं, जुन्या वळणाचं. ते ऐकून पाववाल्या बाईला आपली पणजी आठवली म्हणे.

त्या चौकातही नंदनला काही कळलं नसतं. पण दोन शब्द कळले. मों फिस. माझा मुलगा. आणि त्यापाठोपाठ नाव.

ओजस.

नंदन दोन पावलं मागे सरून झाडाआड उभा राहिला. नंदन आणि उमा उकिडव्यांना एक मुलगी, ईशिता, व्हँकुव्हरला असते, हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. मुलाचं कोणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द ईशितालाही नाही. म्हातारी उमाच्या गालाला गाल लावून निघून गेली, तोवर कॉफीचं पाणी झालं होतं.

"काय म्हणत होत्या बाई?" त्यानं विचारलं.

"काही नाही. हवापाणी."

एकोणीसशे त्र्याण्णवचा नोव्हेंबर. हृदयात दोष घेऊन आलेलं बाळ अकराव्या दिवशी गेलं. दुसऱ्या दिवशी बारसं करायचं होतं, हॉस्पिटलातच का होईना. नाव उमानं केव्हाच ठरवून टाकलं होतं आणि काचेच्या पेटीपाशी ती ते पुटपुटतही असे. टाके चिघळून ती तापानं फणफणली होती. नंदननं सांगलीला फोन लावला. पलीकडून त्याचे वडील, शरदचंद्र ऊर्फ अप्पा, शांतपणे म्हणाले, "अजून बारसं झालेलं नाही, म्हणजे नावही नाही. इतक्या लहान मुलाला पुरायचं असतं. सूनबाईला नेऊ नकोस आणि घरात विषय काढू नकोस. विसरेल ती." नंदन तेव्हा एकतीस वर्षांचा होता, परक्या देशात होता, आणि काय करायचं हे कोणीतरी सांगितलं याचंच त्याला हायसं वाटलं. तो एकटा गेला आणि एकटा परत आला. उमानं विचारलं, "झालं सगळं?" तो म्हणाला, "झालं." त्यावर दोघांनी पुन्हा कधी शब्द काढला नाही.

ती विसरली असं तो धरून चालला होता. आपण तिला सांभाळलं, असं त्याला वाटत होतं. त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही. सकाळी न्याहारीच्या टेबलावर उमा पावाला लोणी लावत असताना तो म्हणाला, "काल तू ओजसचं सांगत होतीस."

उमाचा हात थांबला. त्याच्या तोंडून ते नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"हो. त्यांचाही एक गेलाय. तीन दिवसांचा."

"आणखी कोणाला सांगितलंयस?"

"आश्रमात कितीतरी जणांना. म्हातारी माणसं रे, रोज रोज विचारायची, तुला मुलं किती? मी दोन सांगायची. फ्रेंचमध्ये येतं तोंडातून. मराठीत फक्त तुला सांगायचं होतं, आणि तू तर 'झालं' म्हणून मोकळा झालेलास."

"मी विसरलो नाही, उमा."

"मला कसं कळणार?"

नंदन टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत राहिला. मग त्यानं सांगून टाकलं. "दर नोव्हेंबरला मी गाडीला विंटर टायर लावायला जातो ना, तेव्हा आधी तिथं जातो. थोडा वेळ उभा राहतो."

"तिथं म्हणजे कुठं?"

"लव्हालमध्येच आहे तो. नदीकडच्या रस्त्यावर. दगडी भिंतीची दफनभूमी आहे बघ, तिथं."

उमानं ताटली बाजूला सारली. "मला वाटलं, जाळलंत त्याला. राख कुठंतरी सोडून दिलीत. नंदन, माझी बस त्या भिंतीवरून जायची. सव्वीस वर्षं. जाताना आणि येताना."

"मला वाटलं, तुला त्रास होईल."

"तुला वाटलं," ती म्हणाली, आणि सुरी खाली ठेवून उठून गेली.

त्यानं तिकिटं बदलायची तयारी दाखवली. ती नको म्हणाली. "एकतीस वर्षं थांबलाय तो. सात दिवस आणखी थांबेल. मला आधी तुझ्यावरचा राग काढू दे, मग त्याच्याकडे जाते. रागानं नाही जायचं मला."

तो राग तिनं चालून काढला. तिसऱ्या गावी, सोमिएरला, नदीच्या काठानं ती रोज सकाळी एकटी जायची आणि नंदन पुलाजवळच्या कॅफेत बसून राहायचा. वेटरला आता त्याची कॉफी पाठ झाली होती. चौथ्या दिवशी ती परत येऊन त्याच्या समोर बसली. "कसा दिसायचा रे तो? मला तापात धड आठवत नाही." नंदननं आठवून आठवून सांगितलं. दाट जावळ, डाव्या कानाची वळलेली पाळी, आणि बोट दिलं की घट्ट धरायचा. उमा ऐकत होती, मधेमधे पुन्हा विचारत होती. नंदन सगळ्यांदेखत रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. पण एक गोष्ट त्यानं अजूनही सांगितली नव्हती, आणि ती त्याला जेवू देत नव्हती.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी, ग्रोसरीसुद्धा न आणता, ते दोघं निघाले. बर्फ वितळून गेलं होतं, गवत अजून पिवळंच होतं. लहान मुलांचा भाग भिंतीच्या अगदी कडेला. रस्त्यावरून बस गेलेली ऐकू येत होती. नंदन तिसऱ्या ओळीत थांबला आणि बाजूला सरकला.

जमिनीत बसवलेला वीतभर दगड होता. त्यावर फ्रेंचमध्ये कोरलं होतं, 'बेबे उकिडवे, १९९३'. बेबे म्हणजे नुसतंच बाळ.

उमा खाली बसली. तिनं हातानं माती झाडली, दगडाची कड मोकळी केली, पुन्हा अक्षरांवरून हात फिरवला.

"नाव कुठाय?"

"अप्पा म्हणाले होते, बारसं झालेलं नाही, तर..." नंदन तिच्याशेजारी वाकला. "चुकलो मी. दरवर्षी बघतो आणि दरवर्षी वाटतं, चुकलो."

त्याला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. उमा गुडघ्यावर हात टेकून उठली, ओढणीला हात पुसले आणि फाटकाजवळच्या ऑफिसकडे चालू लागली. तो मागोमाग गेला.

काउंटरवर ईशिताच्या वयाची एक मुलगी होती. उमा तिच्याशी फ्रेंचमध्ये सावकाश बोलली. मुलीनं जुनी नोंद शोधली, दगडावर नाव कोरून घ्यायचा फॉर्म काढला आणि पहिलं नाव विचारलं. उमानं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मुलीनं ते मोठ्या अक्षरांत लिहिलं, वाचून दाखवलं, आणि फॉर्म नंदनपुढे सरकवला. जागा त्याच्या नावावर होती, तेव्हा सही त्याचीच लागणार होती.

नंदननं चष्मा लावला. ते नाव कागदावर लिहिलेलं त्यानं आजवर कधी पाहिलं नव्हतं. पेन उचलून तो तसाच उभा राहिला.

"ओजस," त्यानं वाचलं. "ओजस नंदन उकिडवे."

उमा त्याच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"परत म्हण," ती म्हणाली. त्यानं परत म्हटलं, आणि मग सही केली.