सुलाबाईंची कवळी आणि जागृतीनाथांची चिक्की

कोरेगावच्या बाजारात त्या दिवशी मेथीला कुणी विचारेना. सगळी गर्दी जागृतीनाथ महाराजांच्या मांडवात. महाराज माणसाला डोळे मिटायला लावत, कपाळाला पट्टा बांधत. पडद्यावर लाल अक्षरं उमटत, ‘मेंदू झोपाळू’. तो प्रसादाची कडक चिक्की चावू लागला की अक्षरं हिरवीगार, ‘मेंदू जागृत’!

“मेंदूच्या लहरी वाचणार एआय, झोप उडवणार आम्ही!” महाराज गरजले. “एक चिक्की, तीन रात्री झोप नको!”

मेथी विकणाऱ्या सुलाबाईंचा मुलगा सूरज त्यासाठीच आला होता. रात्रभर टॅक्सी हाकून डोळे तांबारलेले, आणि महाबळेश्वरला जाणारे प्रवासी बाहेर गाडीत खोळंबलेले. त्याचीही अक्षरं हिरवी झाली.

“आये, आता घाट एका दमात!” म्हणत त्यानं ही मोठी जांभई दिली. पोरानं हे काय खाल्लंय, ते बघायला सुलाबाई स्वतःच पट्टा बांधून बसल्या. चिक्की तोंडात धरली. अक्षरं लालच!

“माई, श्रद्धा कमी पडली,” महाराज म्हणाले.

“श्रद्धा न्हवं, कवळी! घरी राह्यली. आवं, मी टक्क जागी हाय, आन् तुमचं यंत्र झोपाळू म्हनतंय व्हय?”

शेजारी उभी त्यांची सून, क्रांती, हायस्कूलला विज्ञान शिकवायची. तिला हसू फुटलं. “आत्या, चिक्की टाका थुंकून. नुसत्या हिरड्या आवळा.”

अक्षरं हिरवी!

सुलाबाईंना आता चेव आला. मांडवाला बांधलेली एक शेळी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. तिचं कपाळ ओलं करून त्यांनी पट्टा बांधला.

‘मेंदू जागृत!’

“पूर्वजन्मीची तपस्विनी आहे ती,” महाराज पुटपुटले, पण मांडवभर हशा पिकला होता.

“यंत्र खोटं नाही,” क्रांती म्हणाली. “हजारो माणसांच्या लहरी दाखवून त्याला शिकवलंय. पण डोळे मिटून शांत बसलं की लहरी संथ होतात, ते झोपाळू समजतं. चावताना जबड्याचे स्नायू मेंदूपेक्षा मोठा गलका करतात, ते जागृत समजतं. चिक्कीनं जबडा हलला, झोप तेवढीच राहिली. चमत्कार दिसला की आधी विचारायचं, चिक्की न खाता होईल का?”

सूरजनं गाडीची किल्ली आईच्या हातात दिली आणि मांडवामागच्या सतरंजीवर आडवा झाला. क्षणात घोरू लागला.

प्रवासी मांडवात येऊन कुरकुरले. “आजी, ड्रायव्हर कुठंय?”

“झोपलाय,” सुलाबाई किल्ली कनवटीला खोचत म्हणाल्या. “हितं झोपलाय, म्हनून घाटात झोपनार न्हाई. बसा गुमान.”