थोडंसंच संकट

लोहार चर्चच्या छपरावर पत्रे ठोकायला चढला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण चढला. आणि चढला तो हातोडीपेक्षा तोंड जास्त चालवणारा. त्यामुळं खालचं जे ऐकलं ते वर राहणं शक्यच नव्हतं.

खाली पाळक गुडघ्यांवर होते, एकटेच. एकटे म्हणजे शेवटच्या बाकाखाली कुणाची तरी शेळी रवंथ करत होती. रविवारच्या उपासनेला नेमानं यायची ती तेवढीच. बाकी गावाचं म्हणजे गरज सरो आणि वैद्य मरो. मागं गुरांना रोग लागला तेव्हा चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं खिडक्यांत बसून 'प्रभू, प्रभू' करत होती. एकानं तर म्हैसच आत आणली आणि हिच्या डोक्यावर हात ठेवल्याशिवाय हलणार नाही म्हणून अडून बसला. रोग गेला, म्हशी दुधाला लागल्या, आणि पुढच्या रविवारी पाळकांनी शेळीला उपदेश केला.

आता वरून निरोप आला होता. कापणी झाली की मिशनचे मोठे साहेब बघायला येणार. माणसं दिसली नाहीत तर चर्चला कुलूप, आणि पाळकांनी बिऱ्हाड उचलायचं. उचलून जायचं कुठं? दोघा नवराबायकोचं उभं आयुष्य इथं गेलेलं, परसातल्या लिंबाला यंदाच कुठं फळ धरलेलं.

म्हणून पाळक म्हणत होते, "बापा, मोठं काही नको. पूर नको, रोगराई नको. माणूस दगावणार नाही पण घाबरेल, असं थोडंसंच संकट धाड. एवढं कर. आमेन."

वर हातोडी थांबली.

आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत. दुसऱ्याच दिवशी गारा पडल्या. गारा कसल्या, भोपळे! एक आमच्या विहिरीत पडली, तर पाणी काठावरून बाहेर आलं, आणि उरलेलं पाणी पुढं सबंध उन्हाळा दात वाजवत प्यावं लागलं. खोटं वाटत असेल तर आमच्या कोंबडीला विचारा, तिची मान तेव्हापासून वाकडी आहे. गाव धावत चर्चमध्ये शिरलं. एरवी शिव्यांशिवाय न उघडणारी तोंडं स्तोत्रं गायला लागली. गिरणीवाला तर असा गळा काढून रडला की गारांचा आवाज कमी वाटावा. मग गारा थांबल्या, तसं 'आमेन'ची वाट न बघता जो तो आपलं छप्पर बघायला पळाला.

तेव्हा लोहारानं तोंड उघडलं. दिवस मावळायच्या आत घरोघरी एकच बोलणं, गारा पाळकांनी मागवल्या.

लोक मारायला येणार यात पाळकांना शंका नव्हती. पाळकीणबाईंनी पुढच्या दाराला अडसर घातला आणि लाटणं हाताशी ठेवलं.

पहिला आला गिरणीवाला. मागच्या दारानं, आणि बगलेत पिठाची पिशवी घेऊन.

"पाळकबुवा, गारांबद्दल माझी तक्रार नाही," तो टेकत म्हणाला. "पण पडल्या त्या सगळ्यांवर सारख्याच पडल्या. हे काही बरोबर झालं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या साडूच्या मक्यावर जरा जास्तीच्या पाडता येतील का? बांधाच्या पलीकडं. अलीकडं माझा बटाटा आहे, तेवढं सांभाळून."

प्रार्थना असल्या कामासाठी नसते, हे पाळकांनी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं. गिरणीवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना सांगितलं, घाई नाही, पण मका तुऱ्यावर यायच्या आत झालं तर बरं.

तो गेला आणि साडू आला, मधाची बरणी घेऊन. त्याला गिरणीचं जातं दुभंगायला हवं होतं. त्याच्यामागून त्याची बायको आली. तिला आपल्या सख्ख्या बहिणीच्या, म्हणजे गिरणीवालीच्या, तोंडावर काहीतरी उठायला हवं होतं. फार नको, पुरळ चालेल म्हणाली. असं करत सगळं गाव मागच्या दारानं येऊन गेलं. लोहारसुद्धा आला, त्याला पलीकडच्या गावच्या लोहाराचा अंगठा ठेचून हवा होता. माझं भलं कर म्हणायला मात्र एक माणूस आला नाही. आपलं नाक गेलं तरी चालेल, शेजाऱ्याला अपशकुन व्हायला हवा.

पाळकांना अन्न गोड लागेना. पाळकीणबाई गिरणीवाल्याच्याच पिठाची कणीक मळत होत्या.

"अहो, कुणी विनंती केली की ती चारचौघांत देवापुढं मांडायची, असं तुम्हीच शिकवता ना?"

"शिकवतो, पण..."

"मग मांडा की."

रविवारी आपलं काम कसं होतंय ते बघायला झाडून सगळे आले. पाळक उभे राहिले, डोळे मिटले, हात पसरले.

"बापा, पहिल्या बाकावरच्या तुझ्या लेकरानं मागितलंय, की मागं बसलेल्या त्याच्या साडूचा मका आडवा व्हावा. त्या साडूची विनंती आहे, की ह्याच्या गिरणीचं जातं दुभंगावं. साडूच्या बायकोनं सख्ख्या बहिणीसाठी पुरळ मागितलंय. तुझ्या इच्छेप्रमाणं होवो."

त्या घडीला पाळकांखेरीज कुणाचेही डोळे मिटलेले नव्हते. पाळक बाकामागून बाक घेत लोहाराच्या अंगठ्यापर्यंत गेले. नंतर आवारात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. एक दात पडला आणि एक ठरलेली सोयरीक मोडली, एवढ्यावरून ओळखा.

पाळकांना वाटलं, संपलं. आता कुत्रंही फिरकणार नाही.

पण पुढच्या रविवारी घंटा व्हायच्या आधी बाक भरलेले. आपण नसताना आपल्यावर काय मागितलं जाईल, याचा काय नेम? समोर असलं तर निदान तिथल्या तिथं उलटी विनंती घालता येते. गिरणीवाल्यानं रविवारची गिरणी बंद केली. पाय मोडलेला एक म्हातारा खाटेवरून यायला लागला. खाट उचलायला त्याचेच भाऊबंद. त्याच्याशी त्यांचा बोलाचालीचा संबंध नव्हता, पण त्यालाही त्यांना नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं आणि त्यांनाही त्याला.

कापणी झाली आणि मोठे साहेब आले. दारापर्यंत भरलेलं चर्च बघून त्यांनी डोकी दोनदा मोजली. गिरणीवाल्याला त्यांनी विचारलं, इतक्या नेमानं कसे येता?

गिरणीवाला साडूवरची नजर न काढता म्हणाला, "साहेब, एक रविवार चुकला तरी जिवाला घोर लागतो."

साहेबांचे डोळे पाणावले. आणलेलं कुलूप पिशवीतून बाहेरसुद्धा निघालं नाही. मग पाळकांच्या ओट्यावर चहाला बसले तेव्हा म्हणाले, "देवाचं असं भय मी दुसऱ्या कुठल्या गावात बघितलं नाही."

"भय आहे खरं," पाळकीणबाई म्हणाल्या, आणि साखर किती घालू ते विचारलं.