दंडाचा प्याला

दोन कानांचा, बुटका, पोट जरासं सुटलेला एक जुना चांदीचा प्याला तुमच्याशी बोलतोय, मित्रांनो. मला उचलायला दोन्ही हात लागतात. ऑक्सफर्डच्या सेंट ऑस्विन कॉलेजात माझं सारं आयुष्य गेलं, आणि ते सुखात गेलं, हे आधीच सांगून टाकतो. रडगाणं ऐकायला बसला असाल तर तुमची निराशा होईल.

लंडनच्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं. त्या काळी शिक्षण संपवून जाणारा विद्यार्थी कॉलेजला एखादं भांडं देऊन जाई. मला देणारा पुढे कुठल्याशा खेड्यात पाद्री झाला. त्याचं नाव माझ्या तळाशी कोरलेलं आहे. घासून घासून ते इतकं पुसट झालंय, की आता बोटालाच वाचता येतं.

मग सतराव्या शतकातली ती लढाई आली. राजा आणि संसद एकमेकांवर उठले, आणि राजाने सैन्याच्या खर्चासाठी इथल्या कॉलेजांकडची चांदी वितळवून नाणी पाडायला मागवली. ताटं गेली, सुरया गेल्या, माझ्या पंगतीतले सगळे गेले. मला मात्र मुदपाकखान्यातल्या कुणीतरी खारवलेल्या मांसाच्या पिंपात दडवलं. दोन हिवाळे मी मिठात काढले. त्या माणसाचं नाव कुठेही कोरलेलं नाही. म्हणून त्याच्यासाठी मी मनातल्या मनात दोन ओळी जुळवल्या आहेत:

मिठाच्या कुशीत चांदी निजली निवांत,
दडवणाऱ्या हाता, तुझी ऊब या काठात.

आता माझं काम सांगतो. माझं काम शिक्षा करण्याचं! आमच्या जेवणाच्या हॉलमध्ये लांबच लांब ओकची टेबलं आहेत. विद्यार्थी काळे झगे घालून बसतात. समोरच्या ओट्यावर प्राचार्य आणि प्राध्यापकांचं टेबल असतं. लॅटिन प्रार्थना होते, मग सूप येतं, मग बिचारी कोबी येते. जेवताना पाळायचे काही नियम आहेत. उशिरा यायचं नाही. अभ्यासाचं बोलायचं नाही. भिंतीवरच्या चित्रांतल्या थोरामोठ्यांना नावं ठेवायची नाहीत. कॉलेजच्या शर्यतीच्या नावेची टवाळी करायची नाही. नियम मोडला, की टेबलाचा म्होरक्या लॅटिनमध्ये एक चिठ्ठी लिहून ओट्यावर पाठवतो. प्राचार्यांनी मान हलवली, की बटलर मला बिअरने काठोकाठ भरून आणतो. गुन्हेगाराने उभं राहून एका दमात प्यायचं. नाही जमलं, तर उरलेली बिअर साऱ्या टेबलावर हातोहात फिरते.

मित्रांनो, फार वर्षं मला वाटायचं, की हा नुसता पोरखेळ आहे. मग पहिलं महायुद्ध आलं. बाकं ओस पडली. मी कपाटात काळा पडत राहिलो, कारण दंड करायला कुणी उरलंच नव्हतं. युद्ध संपल्यावर पहिल्याच पंगतीला एक पोरगा काठी टेकत उशिरा आला. कुणी त्याची कीव केली नाही. टेबलावरून आरोळी उठली, ‘दंड!’ तो माझ्यातून प्यायला तेव्हा त्याचं आसू आणि हसू दोन्ही माझ्या काठावर सांडलं. त्या दिवशी मला माझ्या कामाचा अर्थ कळला. दंड आपल्या माणसाला होतो. पाहुण्याला कधीच होत नाही.

आणि म्हणूनच गेनरची गोष्ट सांगायला हवी.

गेनर प्रॉसर वेल्सच्या खोऱ्यातली. बाप बस चालवायचा, घरात तीन भाऊ. त्या युद्धानंतर साठेक वर्षांनी कॉलेजने पहिल्यांदाच मुली घेतल्या, त्या मूठभर मुलींतली ती एक. रसायनशास्त्र शिकायला आली होती. टेबलावर तिच्या समोर बसायचा क्रिस्पिन हॅलम, टेबलाचा म्होरक्या आणि कॉलेजच्या नावेचा पहिला वल्हेकरी. मुलगे एकमेकांना आडनावाने हाका मारत, कोपरखळ्या देत, चिडवत. गेनरशी मात्र सगळे अदबीने वागत.

मार्चमधल्या एका दुपारी ती भांड्यांच्या कोठीत आली. बटलर मिस्टर डॉब्नी मला घासत बसले होते.

“मिस्टर डॉब्नी, या प्याल्यातून कधी कुठली बाई प्यायली आहे का?”

“नाही, मिस. माझ्या बायकोने एकदा यात फुलं ठेवली होती. ती बायकोही गेली आणि फुलंही. हा बसलाय.”

गेनर हसली. मग स्टुलावर टेकली. “मी शनिवारी घरी चाललेय. कायमची.”

डॉब्नींचा हात थांबला. “जेवण आवडत नाही का?”

“जेवण कुणालाच आवडत नाही!”

“तेही खरंच. मग कुणी काही बोललं?”

“कुणी काही बोलतच नाही हो! मीठ मागितलं तर तिघं उठतात. मी मुद्दाम उशिरा आले, तर म्हणाले, ‘मिस प्रॉसर, बाहेर थंडी होती का?’ काल सूप पिताना मी गंधकाच्या आम्लावर भाषण ठोकलं. चित्रातल्या संस्थापकाचं नाक बटाट्यासारखं आहे, असंही म्हटलं. दंड तर सोडाच, माना डोलावल्या सगळ्यांनी! घरी माझे भाऊ शेवटच्या बटाट्यासाठी माझ्या हातावर काटा मारतात. इथं मी आले काय, गेले काय.”

डॉब्नींनी मला पुसून फळीवर ठेवलं. मला मात्र ओरडावंसं वाटलं, की पोरी, थांब. पण चांदीला जीभ कुठे असते?

त्याच आठवड्यात नदीवर शर्यती होत्या. आमच्या नदीत नावा शेजारी शेजारी पळत नाहीत, रांगेत एकामागे एक पळतात. मागच्या नावेने पुढचीला धक्का दिला, की पुढची हरली. शुक्रवारी ऑस्विनची नाव निघाली आणि पहिल्याच वळणावर पोचताच तिने धक्का खाल्ला. संध्याकाळी हॉलमध्ये सुतक उतरलं होतं. हॅलम कोबीकडे असा बघत होता, जणू तिनेच वल्हं सोडलं होतं.

“मिस प्रॉसर, तुम्हाला रस्सा वाढू?” त्याने सवयीने विचारलं.

“नको, मिस्टर हॅलम. मी विचार करत होते,” गेनर म्हणाली. उद्या जायचंच होतं, मग भीती कसली! “तुमची नाव किती सभ्य! मागून कुणी आलं, की लगेच वाट देते. ‘या ना, आधी तुम्ही,’ असं. अगदी तुम्ही मला मीठ देता ना, तशी.”

कुणाच्या तरी नाकातून सूप आलं. मग सारं टेबल फुटलं. हॅलमचे कान लालबुंद झाले.

“आम्ही वळणापर्यंत पुढं होतो!”

“हो, मी पाहिलं ना. शर्यत वळणापाशीच संपली असती तर बरं झालं असतं.”

“तुला वल्हं म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?”

“तुला ठाऊक आहे? मग पाण्यात का नाही घातलंस?”

“प्रॉसर!” हॅलम उभाच राहिला. हातातला चमचा खाली पडला. “दंड! नावेची टवाळी! दंड!”

आणि मग त्याला स्वतःलाच कळलं, की आपण काय बोललो. ‘मिस’ गळून पडलं होतं. गेनर तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत होती.

तरीही त्याने माघार घेतली नाही. खरडत खरडत चिठ्ठी लिहिली. ती ओट्यावर गेली. प्राचार्यांनी चष्मा वर केला.

“मिस्टर हॅलम, या कॉलेजात पाहुण्यांना दंड होत नाही.”

“ठाऊक आहे, सर,” हॅलम म्हणाला. “पण पाहुणी इतकं वाईट बोलेल का?”

प्राचार्यांनी गेनरकडे पाहिलं. मग मान हलवली.

डॉब्नींनी मला आणलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून कधी थेंब सांडला नव्हता. त्या संध्याकाळी जरा फेस सांडला. गेनर उभी राहिली. तिचे गार हात माझ्या कानांना भिडले. ती प्यायली, आणखी प्यायली, मग जोराचा ठसका लागला आणि फेस नाकापर्यंत गेला. निम्मी बिअर उरलीच.

“बस? वेल्सचा दम एवढाच?” हॅलम ओरडला.

“तुझ्या नावेपेक्षा तरी लांब गेले, हॅलम!”

“पुन्हा दंड!” आता सारं टेबल ओरडत होतं, बाकं बडवत होतं. मी हातोहात निघालो. ज्या काठाला तिचे ओठ लागले होते, त्याच काठाला एकेक ओठ लागत गेला. हॅलमने शेवटचा घोट घेतला आणि मला तिच्यापुढे पालथा ठेवला. खाली एक थेंबही पडला नाही.

शनिवारी सकाळी न्याहारीला गेनर डोकं धरून बसली होती. डॉब्नींनी तिच्यापुढे चहा ठेवला आणि हलकेच विचारलं, “गाडी कितीची आहे, मिस?”

“कसली गाडी?” ती म्हणाली. “आज संध्याकाळी हॅलम उशिरा येणार आहे. नावेचा सराव आहे त्यांचा. म्होरक्याच नसेल, तर चिठ्ठी मीच लिहिणार. लॅटिनमध्ये ‘बटाट्यासारखं नाक’ कसं म्हणतात हो, डॉब्नी?”

डॉब्नी कोठीत परतले आणि मला घासायला लागले. मी तर आधीच लखलखत होतो.

मित्रांनो, आता मी बहुतेक वेळ काचेच्या कपाटात असतो. वर्षातून एखाद्या मेजवानीला बाहेर निघतो. तक्रार नाही. ज्यांनी घडवलं, दडवलं, घासलं, ओठांना लावलं, त्या सगळ्यांचं देणं माझ्या अंगावर आहे, आणि ते मला जड नाही.

मागणं एकच आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या पंगतीत कुणी नवं आलं, तर चार दिवस त्याला जरूर मान द्या, आधी वाढा, चांगली जागा द्या. पण पाचव्या दिवशी त्याच्या ताटातली बटाट्याची एक फोड उचला. तो रागावला, तुमच्यावर ओरडला, तर समजा, की तो आता घरी आला.